दुसरें मांजर

आमची मनी नऊ वर्षांची. तिची बहीण चैत्रांत गेली. तेव्हांपासून मनी देवघराच्या उंबऱ्याशीं बसून राहते. सूनबाई म्हणाली, "मामंजी, एक पिलूं आणूं या." वैयाकरणांनीं नित्यवैराच्या द्वंद्वांत मांजर-उंदीर घातलीं, दोन मांजरें नव्हेत, पण तेवढ्यावर विसंबूं नये. मांजराचा पूर्वज, आफ्रिकेंतील रानमांजर, एकट्यानेंच शिकार करणारा. परक्याचा वास म्हणजे हद्दीवर आक्रमणच. पिलूं आणलेंच तर प्रथम निराळ्या खोलींत ठेवावें, दोघांचीं फडकीं अदलाबदल करून वास ओळखीचा करावा, ताटल्या व मातीचीं घमेलीं वेगळीं मांडावीं. हें सारें होईल. परंतु शोक मनी करते कीं आम्हीच तिच्या नांवानें करतों, हें मला उमगत नाहीं. श्रावणापर्यंत थांबावें, असें मीं सूनबाईस सांगितलें आहे.