तंबोऱ्याचा भोपळा कोणाच्या शेतात पिकतो?

आपल्या संगीतशास्त्राच्या वर्गांत निसर्गाचा विषय निघाला की तो बहुधा मल्हारापासून सुरू होतो आणि मल्हारापाशीच संपतो. कोणता राग कोणत्या प्रहरी गावा, हे विद्यार्थी मुखोद्गत करतो. ज्या तंबोऱ्यावर तो षड्ज लावतो त्याचा भोपळा कोणत्या मातीत वाढला, हे त्याला कोणी विचारीत नाही. निसर्ग म्हणजे बंदिशीतला मेघ, शेतकऱ्याची जमीन नव्हे, अशी ही अभिजनांची सोयीस्कर समजूत आहे!

वस्तुस्थिती काय आहे? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याचे लाकूड कर्नाटकातील जंगलांतून येते आणि भोपळा मंगळवेढे-पंढरपूरच्या शिवारातून. हा भाजीचा भोपळा नव्हे. तो कडू, जाड सालीचा. वेलीवर पुरता पिकू द्यावा लागतो, मग सावकाश वाळवावा लागतो. त्याचा घेर आणि सालीची जाडी यांवर नादाची गोलाई ठरते. हत्यारांचा धंदा बसल्यावर ज्या शिकलगारांनी मिरजेत ही विद्या उभी केली, त्यांच्या वंशजांना हे मातीचे ज्ञान आहे. ते शास्त्र नव्हे काय?

उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि भीमेचा पट्टा उसाखाली जात राहिला. उसाला कायद्याने ठरविलेला दर आहे, कारखाना आहे, आणि कारखान्यामागे सत्ता आहे. भोपळ्याला यांतले काहीच नाही; एका अतिवृष्टीत वेल कुजतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण त्या मानातून भोपळा पिकविणाऱ्याच्या पदरात काय पडणार?

आपल्यातलेच काही साथी म्हणतील, मूठभरांच्या मैफलीशी कष्टकऱ्यांच्या पक्षाला काय कर्तव्य? त्यांनी वारकऱ्याच्या हातातील एकतारी एकदा निरखून पाहावी. तिलाही भोपळाच लागतो.

पं. भातखंडे चिजा मिळविण्यासाठी देशभर हिंडले. त्यांचे नाव घेणाऱ्या विभागांनी एक सत्र भीमाकाठी काढावे; भोपळ्याखालचे क्षेत्र, पाणी आणि भाव यांची नोंद करावी. सोलापूर-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी मात्र त्या नोंदीची वाट पाहू नये. शेतकरी आणि वाद्यकारागीर यांची संयुक्त बैठक येत्या हंगामापूर्वी व्हावी, आणि भोपळ्याचा भाव हा तिच्यातील पहिला विषय असावा.