बाजेवर बसवलेली माणसं

आपल्या घरांत म्हातारं माणूस एकदा पडलं की पुढचा निकाल ठरलेला असतो. "अम्मी, आता उठायचं नाही. काय पाहिजे ते जागेवर मिळेल." मुलगा हे प्रेमानं सांगतो, सून प्रेमानं ताट हातात देते, मोहल्ला मुलाचं कौतुक करतो. शिरूर अनंतपाळसारख्या गावात ओसरीवरची अशी बाज कुणाला नवी नाही. पण याच प्रेमापायी त्या माणसाचं चालणं कायमचं जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

उभं राहणं म्हणजे स्थिर राहणं, असं आपण समजतो. खरं तर उभा माणूस सतत थोडा कलत असतो आणि मज्जासंस्था त्याला सतत सावरत असते. त्यासाठी मेंदूला तीन वाटांनी खबर मिळते. डोळे समोरचं दाखवतात. आतला कान डोकं कुठे वळलं, किती कललं ते सांगतो. तळपाय, स्नायू आणि सांधे खालच्या जमिनीचा अंदाज देतात. पावसाळ्यात काळ्या रानातून जाताना चपलेला चिखल चिकटून पाऊल जड होतं, तरी आपण विचार न करता पुढचं पाऊल सावरून टाकतो. हा मेळ बसवण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. पावलांचा मूळ ताल तर मज्जारज्जूतच तयार होऊ शकतो, हे ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं.

वयाबरोबर या वाटा मंदावतात. मोतीबिंदूनं दिसणं कमी होतं. मधुमेहात तळपाय बधिर होऊ शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उठताच दाब उतरतो आणि चक्कर येते. म्हणून "वय झालं, पडणारच" हे उत्तर अपुरं आहे. पडण्याचं कारण शोधावं लागतं, आणि पहिल्या शोधासाठी लातूर गाठायची गरज नाही. झोपवून आणि उभं करून असा दोनदा रक्तदाब मोजा, साखर तपासा, पायाची जाणीव आणि चष्म्याचा नंबर पाहून घ्या. चालू गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा. मनानं मात्र एकही गोळी बंद करू नका.

बाजेवर बसवल्यानं यातलं एकही कारण दूर होत नाही. उलट मांड्यांचे स्नायू झिजतात, सावरण्याची सवय मोडते, मनात भीती बसते. मग न्हाणीपर्यंतची चार पावलंही धोक्याची होतात. घरी राहणाऱ्या वृद्धांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. यात तोल सांभाळायचे आणि पायांत बळ आणणारे साधे व्यायाम उपयोगी पडतात.

इथे नमाजचा विषय येणारच. "नमाज हाच सर्वोत्तम व्यायाम" असे संदेश मोबाइलवर फिरतात. ते मला पटत नाहीत. इबादत इबादतीसाठी असते. पण ज्यानं आयुष्यभर सजद्यातून उठून कयाम केला, त्याच्यासाठी ते उठणं दिवसातलं तोलाचं सर्वांत मोठं काम असतं. ते मुलानं परस्पर बंद करू नये. हजरत इम्रान बिन हुसैन आजारी असताना पैगंबरांनी (स.) त्यांना आधी उभं राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढायला सांगितलं. सवलत खरी आहे, आणि तिचा क्रमही खरा आहे. गुडघा किंवा कंबर साथ देत नसेल तर खुर्ची जरूर घ्यावी. पण एकदा पाय घसरला एवढ्यावरून ती कुणाच्या माथी मारू नये.

आपल्या बायकांचं काय? अब्बांना निदान मशिदीपर्यंत जायचं निमित्त असतं. दादीला, खालाला चूल ते न्हाणी यापलीकडे वाटच नसते, म्हणून बाजेवर त्या आधी अडकतात. त्यांच्यासाठी रोजची फेरी मुद्दाम ठरवावी लागेल: संध्याकाळी शेजारणीच्या घरापर्यंत, सोबत कुणीतरी.

अम्मी पडली तर आधी तिला डॉक्टरांकडे न्या. हाड शाबूत आहे, चालायला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं की दुसऱ्याच दिवशी हात धरून तिला अंगणात आणा. न्हाणीत धरायला दांडी बसवा, रात्री उंबऱ्याजवळ दिवा ठेवा. बाज झोपण्यापुरती राहू द्या.