अंगठी तुटली? मग मोडीत कशाला देता?

विदर्भात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. शब्द नीट ऐका. त्यात साक्ष आहे, गंध आहे, अंगठी कुठेच नाही. चार माणसं साक्षीला बसली, कपाळाला गंध लागलं, की सोयरीक पक्की. उरलेल्या महाराष्ट्रात हे काम साखरेच्या पुड्यावर भागलं. गंध संध्याकाळपर्यंत पुसलं जायचं, साखर दोन दिवसांत संपायची, आणि शब्द मात्र टिकायचा.

आता फुटाळ्यावर प्रपोज होतं, लॉनवर स्टेज लागतो आणि कॅमेरा सगळ्यात आधी बोटावर जातो. त्याबद्दल तक्रार नाही. हौस आहे, करावी. तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. वर्षा-दोन वर्षांत ती अंगठी वाकते, तिला चीर जाते, खडा हलायला लागतो. त्या दिवशी घरात दोनच आवाज निघतात. एक म्हणतो, "अपशकुन आहे, काढून ठेव." दुसरा म्हणतो, "एक्स्चेंज करून टाक ना, नवीन डिझाइन येईल." दुरुस्तीचं नाव कोणी काढत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: अपवाद सोडले तर अंगठी दुरुस्तच करावी.

आधी अपशकुनाचं बघू. अंगठी शरीराच्या सगळ्यात राबणाऱ्या अवयवावर बसते. गाडीचा ब्रेक, जिममधला बार, कणकेची परात, बसचा दांडा, सगळं त्या बोटांतून जातं. त्यात २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, आणि सोनं मुळातच मऊ. वाकली तर त्यात नवल काय? पण बोट बाईचं असलं की वाकलेल्या पट्टीचा अर्थ लगेच तिच्या संसाराला चिकटवला जातो. "सांभाळता आली नाही" हे वाक्य नवऱ्याच्या अंगठीबद्दल किती वेळा ऐकलंय?

गंमत म्हणजे याच घरांत मंगळसूत्राचा नियम वेगळा आहे. दोरा झिजला की मंगळसूत्र नव्याने गाठवून घेतात. तेच मणी, त्याच वाट्या, दोरा नवा. तुटलं असं म्हणायचंसुद्धा नाही, "वाढवलं" म्हणायचं. नथीचे मोती सैल झाले की नथ पुन्हा बांधून घेतात. म्हणजे अंगठीपेक्षा कितीतरी पवित्र मानलेल्या दागिन्यांची दुरुस्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही, कोणाचं लग्नही मोडलं नाही. मग साक्षगंधाच्या अंगठीलाच टाका का चालत नाही?

कारण ही अंगठी आपल्याकडे येताना स्वतःची जाहिरात घेऊन आली. हिरा कायमचा असतो, हे वाक्य १९४७ साली अमेरिकेत डी बीअर्स या हिरे कंपनीसाठी एका जाहिरात संस्थेत लिहिलं गेलं. लिहिणाऱ्या बाईचं नाव फ्रान्सिस गेरेटी. त्या वाक्याने हिरा प्रेमाच्या कायमपणाचा पुरावा ठरला. पुरावा एकदा ठरवला की त्याला ओरखडा चालत नाही. निष्कलंक दिसायलाच हवा, नाहीतर बदला. कायमच्या वस्तूचा धंदा बदलण्यावर चालावा, ही या जाहिरातीची खरी कमाल.

आता दुकानातला हिशोब. लक्ष्मीभवन चौकातल्या काचेच्या शोरूममध्ये जा किंवा आणखी कुठे, "जुन्या सोन्यावर शून्य घट" ही पाटी ओळखीची आहे. पाटी खरी मानू. गणित सोपं जावं म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरा. तुमची अंगठी ४ ग्रॅमची. तुम्हाला पूर्ण ४०,००० मिळाले. आता तेवढ्याच वजनाची नवी घ्या. सोनं ४०,०००, घडणावळ १५ टक्के धरली तर ६,०००, आणि एकूण ४६,००० वर ३ टक्के जीएसटी म्हणजे १,३८०. एक गुंजही सोनं न वाढता ७,३८० रुपये गेले. पहिल्या अंगठीची घडणावळ आणि कर तर कधीच बुडाले. खड्याचं वजन वजा होतं आणि छोट्या खड्यांना काय मिळेल, हे दुकानाच्या अटी ठरवतात. शिवाय समोर ४ ग्रॅमची अंगठी शेवटी आणि ६ ग्रॅमची आधी दाखवतात, ते वेगळंच.

भाव वाढले तसे "लाइटवेट" दागिने आले. पट्टी पातळ, आतून पोकळ, दिसायला भरदार. पातळ पट्टी लवकर वाकते, वाकली की ग्राहक परत येतो, परत आला की घडणावळ परत वसूल होते. यात कोणाचा कट असावा लागत नाही. दुरुस्तीत नफा कमी आणि वेळ जास्त, एवढं कारण पुरतं. काउंटरवरचा मुलगा "मॅडम, हे रिपेअर होणार नाही" म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ "आम्ही करत नाही" एवढाच असतो.

करणारे आहेत. इतवारीच्या सराफ्यात, मोठ्या पेढ्यांच्या मागच्या बोळांत आणि जिन्यांवर, लाकडी पाटासमोर बसून काम करणारे सोनार आणि बंगाली कारागीर आजही आहेत. या हातांनी वाईट दिवस पाहिलेत. १९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० साली रद्द झाला. सरकारी बंदीतून तगलेलं हे कसब आता आपल्या आळसाने मरणार असेल, तर दोष सरकारवर ढकलता येणार नाही.

दुरुस्ती म्हणजे जुगाड नव्हे. सोनं १०६४ अंशांना वितळतं. टाक्याचं मिश्रण त्याहून कमी तापमानाला वितळेल असं बनवतात, म्हणून सांधा भरतो आणि अंगठी शाबूत राहते. पट्टीचा झिजलेला भाग कापून तेवढाच तुकडा नवा घालता येतो. हलणाऱ्या खड्याचे दात पुन्हा बांधता येतात. हिऱ्याच्या अंगठ्या सहसा १८ कॅरेटमध्ये करतात, म्हणजे ७५ टक्के सोनं, कारण मऊ दातांत खडा टिकत नाही. पांढऱ्या सोन्याची अंगठी पिवळट दिसायला लागली तर ती खराब झालेली नसते. वरचा ऱ्होडियमचा थर उडालेला असतो, तो पुन्हा चढवतात. पाचू, मोती यांना आच सोसत नाही, ते आधी काढावे लागतात.

अपवादही सांगतो. पट्टी चहूबाजूंनी कागदासारखी झाली असेल, किंवा अंगठी इतकी पोकळ असेल की टाक्याशेजारी दुसरी चीर जाईल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नका. पण तेव्हाही एक्स्चेंजच्या ट्रेमध्ये टाकण्याआधी विचारा: याच सोन्यात थोडी भर घालून, हाच खडा बसवून, समोर नवी घडवून मिळेल का? शिवाय जी अंगठी आवडीची नव्हतीच, किंवा जिच्या आठवणी नकोशा आहेत, तिला पावित्र्याखातर बोटात ठेवायची कोणावरही सक्ती नाही.

मात्र हे ठरवणार कोण? जिची अंगठी, ती. साक्षगंधात मुलीला मिळालेले दागिने हे स्त्रीधन आहे, आणि स्त्रीधनावर पूर्ण मालकी बाईचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. सासूबाईंना डिझाइन जुनं वाटतं किंवा नवऱ्याला ऑफर चांगली वाटते, ही त्यांची मतं. मतं ऐकावीत. पण अंगठी मोडीत जाताना बोटाची मालकीण काउंटरच्या दुसऱ्या टोकाला गप्प बसलेली असेल, तर तो व्यवहार बरोबर नाही.

"शेवटी सोनंच ना, आठवण थोडीच मोडते?" असं व्यवहारी माणसं म्हणतात. त्यांना नागपूरपासून जवळच असलेल्या रामटेकची आठवण करून द्यावी. तिथे ज्याच्या नावाने संस्कृत विद्यापीठ आहे, त्या कालिदासाचं सगळं शाकुंतल एका अंगठीवर उभं आहे. ती पाण्यात पडली, माशाने गिळली, कोळ्याच्या हाती लागली. दुष्यंताला शकुंतला आठवली ती हीच अंगठी बघून. तेवढ्याच वजनाची, जास्त चकचकीत अंगठी पुढे केली असती तर राजाने फार तर घडणावळ विचारली असती.

तेव्हा या रविवारी ड्रॉवरमधली ती वाकडी अंगठी बाहेर काढा. सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. आत एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असेल तर बीआयएस केअर अॅपवर तपासा आणि पट्टी कापताना ती जागा सोडायला सांगा. दोन-तीन ठिकाणी विचारा. देताना आणि घेताना समोर वजन करून पावतीवर लिहून घ्या, टाका किती कॅरेटचा ते विचारा, कापलेला तुकडा परत मागा. जमलं तर काम होईपर्यंत तिथेच बसा. सांधा उजेडात धरला तर बारीक रेघ कदाचित दिसेल. दिसू द्या.