जाळीवरचे उपाध्यक्ष

दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवाळ यांचा २००४ सालचा पहिला विजय, २००९ साली अवघ्या १४९ मतांनी हुकलेली आमदारकी आणि २०१४ नंतर पुन्हा बसलेला जम हा दप्तरी तपशील झाला. परंतु ज्या गृहस्थाने २०२० पासून विधानसभेच्या उपाध्यक्षपदावरून इतरांना शिस्तीचे धडे दिले, त्यानेच ४ ऑक्टोबर २०२४ रोजी, धनगर समाजास अनुसूचित जमातींत घेऊ नये, या मागणीसाठी स्वपक्ष सत्तेत असताना मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घ्यावी, आणि पाऊल ठरत नाही अशा त्या झोके खाणाऱ्या दोरखंडांवर घोषणा द्याव्यात, हे दृश्य कोणत्याही दप्तरात मावणारे नव्हे. सरकारदरबारी अर्जविनंतीची किंमत काय, हे त्या जाळीने सांगितले. डिसेंबरात झिरवाळ मंत्री झाले. खाते मिळाले अन्न व औषध प्रशासनाचे, आदिवासी विकास दुसऱ्याकडे गेला.