वर्गणी ही भीक नव्हे



आपला एखादा अपंग साथी मोठ्या आजाराने घाटी दवाखान्यात पडतो, तेव्हा गाव हळहळते. हळहळीने औषध येत नाही. खाट सरकारी असली तरी सोबतच्या माणसाचे जेवण, त्याची बुडालेली मजुरी आणि एस.टी.त चढता येत नाही म्हणून करावी लागणारी जीप, हे सारे घरावरच पडते. कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या घरात एवढी शिल्लक नसते. मग सावकार, नाही तर बैलबाजार.

आधी हक्काचे घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचे २०२३ साली ठरले. उपचार योजनेच्या यादीतला आणि रुग्णालय योजनेतले हवे. म्हणून शिधापत्रिका घेऊन पहिल्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे. धर्मादाय रुग्णालयांनाही दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत ठेवणे बंधनकारक आहे.

जीपचे भाडे आणि सोबत्याची मजुरी मात्र योजना देत नाही. ती आपण द्यायची. गावागावात दोन कार्यकर्ते नेमावेत. एकाने कागदपत्रे पाहावीत, दुसऱ्याने वर्गणी.

‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणणाऱ्यांनी वर्गणी का मागावी, असे कुणी विचारील. साथीच्या कापसाला दाम मिळाले असते, तर ही वेळच आली नसती. दामाची लढाई चालूच राहील. आजार तोवर थांबत नाही.

देणाऱ्यांची नावे पुकारू नयेत. खर्चाचा हिशेब मात्र पुढच्या बैठकीत वाचावा.