चुकंदर आणि पालक: एकाच घरची भावंडं



आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, पत्र्याच्या डब्यात राखेत घोळवलेलं बी ठेवायच्या. चऱ्होलीतली शेती गेली, तिथं इमारती उभ्या राहिल्या आणि डबा रिकामा झाला. मागच्या हिवाळ्यात मी गच्चीवर चुकंदर, म्हणजे बीट, लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बेटा, दोन-चार झाडं बियाला सोड."

मी चार सोडली. मे महिन्यापर्यंत वाट पाहिली. फुलाचा दांडा आलाच नाही. कंद लाकडासारखे झाले आणि पहिल्या पावसात कुजले. अम्मी काही बोलल्या नाहीत, पण डबा परत माळ्यावर गेला.

दोष बियाचा नव्हता. 'डेट्रॉईट डार्क रेड' हा १८९२ च्या सुमाराचा जुना, सरळ वाण. संकरित नसल्यामुळे त्याचं बी धरलं तर पुढची पिढी तशीच निघते. पण चुकंदराला फुलायला दोन हंगाम लागतात, आणि मध्ये कित्येक आठवड्यांची कडक थंडी. म्हणून आपल्या देशात त्याचं बी हिमाचल, काश्मीरसारख्या थंड डोंगराळ भागात तयार करतात. चऱ्होलीचा गारवा कंद पोसायला पुरतो, फुलायला नाही.

तेव्हा चुकंदर खाण्यासाठी लावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी रात्रभर भिजवून, अर्धा पेर खोल पेरा. फळांचा जुना क्रेट, भुसभुशीत माती, मुरलेलं शेणखत एवढं पुरे. एक गोष्ट विसरू नका: ज्याला आपण एक बी म्हणतो तो दोन-चार बियांचा गुच्छ असतो. एका जागी तीन-तीन रोपं येतात. चार बोटं अंतर ठेवून बाकीची कात्रीनं कापा. जीव हळहळतो, पण विरळणी केली नाही तर नुसता पालाच मिळतो. कापलेली कोवळी पानं डाळीत घाला. दोन-अडीच महिन्यांत कंद लिंबाहून मोठा झाला की उपटा. जास्त ठेवला तर जरड होतो.

मग अम्मींच्या डब्याचं काय? उत्तर शेजारच्याच क्रेटमध्ये होतं. आपली देशी पालक ही चुकंदराच्याच जातीची, सख्खी बहीण. दोघींचं बी शेजारी ठेवून पाहा, तसंच खडबडीत, गाठीगाठीचं. फरक इतकाच की पालक आपल्या हवेत फुलते. डिसेंबरनंतर पाच-सहा चांगली झाडं खुडायची थांबवा. उन्हाळा लागला की दांडे वर येतात. ते तपकिरी होऊन वाळले की बी हातानं ओरबाडा, सावलीत सुकवा, राखेत ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशीच घराघरांतली देशी बियाणी जपल्याबद्दल.

या घराण्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. सहीह बुखारीत हजरत सहल बिन सअद (रजि.) एका बाईंची आठवण सांगतात. त्या आपल्या शेतात पाण्याच्या कडेनं 'सिल्क' लावत. जुम्याच्या दिवशी ते मुळासकट उपटून, मूठभर जवाचं पीठ घालून शिजवत. नमाजनंतर सहाबा त्यांच्याकडे जात, सलाम करत, आणि त्या ते वाढत. त्या जेवणासाठी सगळे जुम्याची वाट पाहत. उर्दू तर्जुम्यात सिल्कला चुकंदर म्हणतात. तीही याच जातीची पालेभाजी. त्या बाईंचं नाव तिथं नाही, पण त्यांचा वाफा चौदाशे वर्षं लक्षात राहिला.

या एप्रिलमध्ये अम्मींनी स्वतः पालकाचे दांडे झाडले. एक मूठ डब्यात गेली, एक शेजारच्या ताईंना आणि सांडलेलं चिमण्यांनी टिपलं. "असू दे," अम्मी म्हणाल्या, "तोही सदकाच."