सात वर्षांची मेख

मोटारीच्या इंजिनात कारखान्यातच दोष राहिला, तर तो दूर करण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्याने फार उशिरा दिले, आणि दिले तेही अर्धेच.

जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने 'तवेरा' जातीच्या १ लाख १४ हजार डिझेल गाड्या परत बोलावल्या. २००५ ते २०१३ या काळातील या गाड्या धुराच्या मानकांना उतरत नव्हत्या आणि चाचण्यांत आपल्याच माणसांनी गैरप्रकार केल्याचे कंपनीला सरकारपुढे मान्य करावे लागले. तवेरा ही काही धनिकांच्या हौसेची गाडी नव्हे. कर्ज काढून प्रवासी वाहणाऱ्या असंख्य चालकांचे ते पोट होते. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने ३ लाख २३ हजार ७०० डिझेल गाड्या परत बोलावल्या. हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये या समूहाला ५०० कोटींचा दंड केला. दोनच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. दरम्यान धूर गिळला तो घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यालगत राहणाऱ्यांनी. त्यांच्या उशाला देवनारचा कचरा होताच.

या दोन्ही वेळी सक्तीचा कायदा नव्हता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. पुरेशा मालकांनी तक्रार केल्यास सरकार गाड्या परत घेण्याचा आदेश देऊ शकते. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. लक्षावधी गाड्या विकणाऱ्या कारखानदाराला एक कोटी म्हणजे काय, हे अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही कळते. पण खरी मेख निराळीच आहे. हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांनाच लागू आहेत. म्हणजे २०१३ साली ते असते, तर २००५ ची तवेरा त्यांतून सुटली असती. मानखुर्दच्या चालकाच्या हाती गाडी येते तीच मुळी अनेकदा दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडून. नवी गाडी घेणाऱ्याला संरक्षण आणि जुनी घेणाऱ्याला नाही, हा भेद वर्गीय नव्हे तर काय? दुरुस्तीसाठी गाडी उभी राहिली, तर बुडालेल्या रोजीविषयीही कलम मौन बाळगते.

तरीही आहे तेवढा हक्क सोडण्यात शहाणपण नाही. वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात गाडी प्रथम स्वतःच्या नावावर करून घ्यावी, अन्यथा कंपनीचे पत्र जुन्याच मालकाकडे जाते. चॅसिस क्रमांक सांगून अधिकृत केंद्रात चौकशी करावी. दुरुस्तीचे पैसे देऊ नयेत. मात्र काय बदलले, याचा जॉब कार्डावरील लेखी पुरावा घ्यावा. परिवहन मंत्रालयाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवावी. एकट्याच्या तक्रारीने आकडा भरत नाही. टॅक्सीचालकांच्या संघटनांनी एकाच जातीच्या गाड्यांच्या तक्रारी गोळा केल्या, तरच तो भरेल.

दाद लागली नाही, तर वांद्र्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असल्यास तेथे शुल्क नाही आणि आयोगाच्या परवानगीने अनेकांच्या वतीने एकच तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत पाळावी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही, असा आक्षेप कंपनीचे वकील हमखास घेतात. म्हणून गाडी स्वतः चालवून केवळ उदरनिर्वाहासाठी वापरतो, हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात असावे.